जॉबरचाचांची शटल

जॉबरचाचा कुत्र्यांशी बोलताना आवाज कधी चढवत नसत आणि माणसांशी बोलताना कधी उतरवत नसत. उभा जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे दोन्ही कान निम्म्याहून अधिक गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. "चहा घेणार का?" हे ते असं विचारत, की रस्त्यापलीकडचा टपरीवाला माझ्या उत्तराची वाट न बघता दोन ग्लास भरून मोकळा होई. तेच चाचा पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले, की इतकं हळू बोलत की शेजारी उभ्या असलेल्या मला एक अक्षर कळायचं नाही. आतल्या कुत्र्याला मात्र कळायचं.

भिवंडीत जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. लूम अडला, धागा सारखा तुटायला लागला, की कामगार जॉबरला हाक मारतो. तो येतो, जमिनीवर आडवा होतो, लूमच्या पोटाखाली डोकं घालतो आणि काय बिनसलंय ते शोधून काढतो. लूम चालू झाला की पाना खिशात आणि स्वारी पुढच्या लूमकडे. धामणकर नाक्याच्या आसपास असा एकही जुना कारखाना नसेल, जिथल्या लूमखाली चाचांनी पाठ टेकली नव्हती. गुडघे गेले, छातीत एकदा कळ येऊन गेली, तेव्हा थांबले. त्यांचं खरं नाव फक्त आधार कार्डापुरतं होतं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण आमच्या शेल्टरमध्ये पिंजऱ्याची कडी अडकली, की अजून कुणीतरी सवयीने म्हणतं, "चाचांना बोलवा रे."

हे शेल्टर भिवंडीजवळच्या राहनाळ गावाच्या एका टोकाला, गोदामांच्या रांगेच्या मागे आहे. पत्र्याची लांबट शेड, साठ-सत्तर कुत्री, काही मांजरं आणि एक तीन पायांची शेळी. जनावरांच्या डॉक्टर असलेल्या एक ताई ते चालवतात. मी जवळच्याच एका गोदामात डिस्पॅचला आहे. आमच्याकडे मालाच्या फळ्यांखाली एक कुत्री व्याली आणि साहेबांनी मला सांगितलं, "हलव ते." मी लहानपणी पोटरीला चावा खाल्लेला माणूस. पिल्लं आणि त्यांची आई दोन खोक्यांत भरायला मला तीन हमालांच्या हातापाया पडावं लागलं. शेल्टरच्या फाटकाशी खोकी ठेवून मी मागच्या पावली निघालो होतो, तेवढ्यात आतून गर्जना झाली.

"ए! ठेवून पळतोस काय?"

मळकट निळा कुर्ता, पांढरी दाढी, बांबूसारखी उंच हडकुळी मूर्ती. मी चाचरत म्हणालो, "मी घरी नाही नेऊ शकत हो."

"काय?"

"घरी नाही नेता येणार!" मी ओरडलो.

"नको नेऊ! कोण म्हनतंय ने? मी तरी कुठं नेतो? पण हात हलवत आला, हात हलवत गेला, असं न्हाय चालायचं. काय येतं तुला?"

"काही नाही. मला कुत्र्यांची भीती वाटते."

"लिवता येतं?"

"लिहिता येतं."

"मग झालं की. ज्याला हात लावता येत न्हाय, त्याने लिवावं." आणि त्यांनी माझ्यापुढे एक वही सरकवली. कुठल्या कुत्र्याला कुठलं औषध, कुणाला कुठली खोड, हे सगळं त्यात कुणाच्या ना कुणाच्या गिचमिड अक्षरात होतं. मी ते नीट उतरवून काढायला बसलो. त्या दिवसापासून चाचांनी माझं नाव कारकून ठेवलं. मला राग येई, मी बी. कॉम. आहे. पण चाचांपुढे राग टिकवून ठेवणं कठीण होतं, कारण तो त्यांना ऐकूच जात नसे.

चाचांच्या घरात कुत्रं चालत नव्हतं. निळा कुर्ता शेल्टरमधल्या खिळ्यालाच टांगलेला असायचा. निघताना ते तो उतरवत, नळाखाली हात-पाय-तोंड पुन्हा पुन्हा खळखळून धूत, घरचे पांढरे कपडे चढवत आणि मग नमाजाची वेळ गाठायला लगबगीने शेअर रिक्षा पकडत. एकदा एका पाहुण्याने त्यांना जरा खोचकच विचारलं, की चाचा, तुमच्यात हे चालतं का? चाचा म्हणाले, "आमच्यात कुत्रं घरात चालत न्हाय. पण कुत्रं उपाशी चालतं, असं कुनी सांगितलंय तुला?" मग चाचांनी त्याच्याकडून पाण्याची तीन पिंपं भरून घेतली.

चाचींनी तर शेल्टरमध्ये कधी पाऊलच टाकलं नाही, पण तिथली एकूण एक गादी त्यांच्या हातची. कारखान्यांतून कापडाच्या कडेची चिंधी पोत्यांनी निघते. चाचा ओळखीच्या कारखान्यांतून ती मागून आणत आणि चाची जुन्या चादरींच्या खोळी शिवून त्यात ती ठासून भरत. उन्हाळ्यात पातळ गाद्या, थंडीत जाड. कुत्री त्यांनी पाहिली नव्हती, तरी मापं त्यांना पाठ होती. मी निरोप न्यायला गेलो, की परदेशी गेलेल्या भाच्यांची करावी तशी चौकशी करायच्या. "त्या बीमला मोठी गादी पुरती ना? की अजून वाढला?"

बीम हे एका अवाढव्य कुत्र्याचं नाव. सगळी बारशी चाचांनीच केलेली, आणि सगळी नावं लूमवरची. लूमवर सुताचा जो जाडजूड रूळ चढवतात तो बीम, म्हणून हा गोल गरगरीत तो बीम. सूत गुंडाळायची बारीक नळी ती कांडी, म्हणून बारीक पिल्लू ते कांडी. आणि पिंजऱ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिवसभर धावत राहणारी काळी-पांढरी कुत्री, ती शटल, म्हणजे लूमवर सतत इकडून तिकडे पळणारा धोटा.

रविवारी कॉलेजची मुलं यायची. पिल्लू उचलायचं, फोटो काढायचा, "सो क्यूट" म्हणायचं आणि "घरी आई नाही म्हणते" असं सांगून निघायचं. बाकी सगळे त्यांच्यावर वैतागत. चाचांना ती मुलं फार आवडायची. "आई न्हाय म्हनते ना? बराबर म्हनते. तू हितंच दोन तास दे," असं म्हणून ते कुणाच्या हातात खराटा देत, कुणाच्या हातात गोचिड्या काढायचा चिमटा. एकीची स्कूटी होती, तिच्याकडे औषधं आणायचं काम. एक मुलगा अगदीच निरुपयोगी निघाला. त्याला काहीच जमेना. चाचांनी त्याला एका बिथरलेल्या कुत्र्याच्या पिंजऱ्याला पाठ लावून बसवलं आणि पेपर मोठ्याने वाचायला लावला. "त्याच्या डोळ्यात बघू नको. डोळे वटारून लूम पन चालत न्हाय." पोरगा महिनाभर दर रविवारी येऊन पेपर वाचत राहिला. पाचव्या रविवारी त्या कुत्र्याने जाळीतून नाक काढून त्याच्या कानाला लावलं, आणि एवढा दांडगा मुलगा मुसमुसून रडला.

पण चाचांचा खरा जीव कुणावर होता हे सांगायला ज्योतिषी नको होता. शटल एका कारखान्यात, लूमच्या खालीच जन्मली होती. कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले, कामगार गावी गेले. ही तेवढी उरली. चाचांनीच तिला आणलं. रोज संध्याकाळी पाचला चाचा फाटकातून आत आले, की बाकी साठ कुत्री भुंकायची आणि शटल एकटी धावणं थांबवून स्तब्ध उभी राहायची. चाचा तिच्यापाशी उकिडवे बसत. ती जाळीला कपाळ टेकवी. मी वहीत डोकं घालून ते न पाहिल्यासारखं करत असे.

तिला घर मिळावं म्हणून मी मोबाइलवर टाकायला एक जाहिरात लिहिली. माझ्या मते ती फारच सुरेख होती. "गोंडस, प्रेमळ, शांत स्वभावाची शटल. हिला हवं आहे एक निवांत, शांत घर." आता हे "शांत घर" मी का लिहिलं, ते भिवंडीकराला सांगायला नको. आमच्या बिल्डिंगच्या दोन्ही अंगांना लूम आहेत. भिंतीला टांगलेली चित्रंसुद्धा थरथरतात. माझ्या दृष्टीने स्वर्ग म्हणजे जिथे घड्याळाची टिकटिक ऐकू येते ती जागा. मला जे स्वतःसाठी हवं होतं, तेच मी त्या कुत्रीसाठी मागितलं. कल्याणच्या एका मोठ्या संकुलातल्या, सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाने तिला नेलं. चौथ्या दिवशी परत आणून सोडलं. दिवे मालवले की रात्रभर रडते, म्हणाले. सगळ्या मजल्यांवरून तक्रारी आल्या. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या मुलीचे डोळे रडून सुजले होते.

चाचांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. "घरात आवाज काय काय हाय?"

"काहीच नाही हो, अगदी शांत आहे."

चाचांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे वळून त्यांनी साऱ्या राहनाळला ऐकू जाईल असं सांगितलं, "अरे कारकून, लूम बंद झाला की आपन दचकून उठतो का न्हाय? काय झालं, लाईट गेली, मारामारी झाली, कोन मेला? ही तर लूमच्या पोटाखाली जन्मली. तिला वाटलं असंल, सगळी दुनियाच बंद पडली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या एका शब्दापायी चार माणसांची आणि एका जनावराची झोप उडवली होती. चाचांनी माझी जाहिरात मला मोठ्याने वाचायला लावली आणि मग एक धडा दिला, तो मला आजही गोदामात उपयोगी पडतो. "कापडाचा ताका परत कधी येतो? खोट लपवली तर. खोट आधीच दाखव. ज्याला चालतो तो नेतो, आनि नेला की परत आनत न्हाय. खोट लिव." मी नवी जाहिरात लिहिली. "शटल, वय अंदाजे पाच. शांततेत झोपत नाही. एकटी सोडली तर चपला खाते. अनोळखी पुरुषांवर गुरगुरते, आठवडाभराने थांबते. भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खाते." आमच्या ताई म्हणाल्या, असं वाचून कोण नेणार? पण फोन पहिल्यापेक्षा जास्त आले. चाचा मला एका चालू कारखान्यात घेऊन गेले आणि मी अर्धा तास लूमचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला.

दुसरं घर ठाण्याचं. जोडपं समजूतदार होतं. रात्री ते लूमचा आवाज लावून ठेवत आणि शटल गाढ झोपे. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. पण ती नीट जेवेना. रोज पाच वाजायच्या सुमाराला दाराशी जाऊन बसे आणि अंधार पडेपर्यंत हलत नसे. दोन आठवड्यांनी कुरियरवाल्यासाठी दार उघडलं तशी ती निसटली, आणि तीन दिवसांनी हायवेवर, नाशिककडे जाणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत एका ढाबेवाल्याला सापडली. मागचा एक पाय सोलवटला होता. ती भिवंडीच्याच दिशेने चालली होती. जोडप्याने हात जोडले. म्हणाले, हिचं आमच्या दारात काही बरंवाईट झालं तर आम्ही स्वतःला माफ करू शकणार नाही.

ताई पट्टी बांधताना म्हणाल्या, "आता हिला बाहेर द्यायचं नाही. पुढच्या वेळी ट्रकखाली जाईल." म्हणजे शटलने उरलेला सगळा जन्म सहा फूट बाय चार फुटांत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत काढायचा. मग मी बोललो, जे आम्ही सगळेच मनात बोलत होतो. "चाचा, ती तुमच्याचकडे यायला निघाली होती. तुम्हीच न्या ना तिला."

चाचींना हे कळलं. दुसऱ्या दिवशी मी गाद्या आणायला गेलो, तेव्हा शिवणयंत्र थांबवून त्या म्हणाल्या, "मी सांगितलं यांना. आना तिला. घरात न्हाय, पन मागं अंगनात छप्पर घालू. माझी काय ना न्हाय." ज्या बाईने चाळीस वर्षं उंबऱ्याच्या आत कुत्र्याचा केस येऊ दिला नव्हता, तिने हे म्हणावं! मी धावतच चाचांकडे गेलो. आता प्रश्न मिटलाच म्हणायचा.

चाचा नकारार्थी मान हलवत राहिले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "ही मशीन कधी बंद पडंल सांगता येतं? डाक्टर पन सांगत न्हाय. ती पाच वर्षाची. अजून सात-आठ वर्षं जगंल. दोन घरं सुटली, ती कशी तरी जगली. तिसरं घर माझं, आनि मीच सुटलो तर? मग ती कुठल्या हायवेने येईल मला शोधायला?"

त्यानंतर चाचा शेल्टरमध्ये यायचे बंद झाले.

मला वाटलं, बरं नसेल. आठवडा गेला. शटल पाचला स्तब्ध उभी राही, सातपर्यंत उभी राही, आणि मग खाली बसे. दुधातल्या भाकरीला तोंड लावत नव्हती. दहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी तडक त्यांच्या घरी गेलो. चाचा चिंधी पिंजत बसले होते, ठणठणीत. मी म्हणालो, आणि ओरडूनच म्हणालो, "इकडे आरामात बसलात! ती तिकडे अन्न सोडून बसलीय. घरी नेत नाही म्हणालात, ठीक. आता तोंडसुद्धा दाखवायचं नाही? माणसापेक्षा लूम बरा!"

चाचा खाली बघत चिंधी सोडवत राहिले. चाची दारातून म्हणाल्या, "कारकून, जरा हळू. पाच वाजले की हे हितं दाराशी येऊन बसतात. मी कडी लावून घेते, न्हायतर जातील." मग मला कळलं. खोट चाचांना सापडली होती, आणि ती खोट म्हणजे चाचाच होते. शटलचं चाचांवाचून चालेनासं झालं होतं आणि त्यामुळे तिला कुठलंच घर लागू पडत नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी तिथेच बसून त्यांच्याबरोबर चिंधी सोडवायला लागलो.

"तिला आता तू भाकरी दे," चाचा म्हणाले.

"मी? चाचा, मी भितो."

"भी. भीतभीत दे. चार दिवस तू, मग त्या स्कूटीवाल्या पोरीने, मग पेपरवाल्याने, मग डाक्टरीनबाईने. हात बदलला तरी भाकरी तीच, हे तिला कळू दे."

तर अशा रीतीने वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुत्र्याच्या पिंजऱ्यात पाऊल टाकलं. शटलने मला नखशिखान्त हुंगलं आणि कंटाळून तोंड फिरवलं. मी तिच्याकडे पाठ करून बसलो आणि काय बोलावं ते न सुचून डिस्पॅचची यादी मोठ्याने म्हणू लागलो, अमुक ट्रक, तमुक माल. तिसऱ्या दिवशी तिने चार घास खाल्ले. त्या संध्याकाळी ते सांगायला मी चाचांकडे धावत गेलो. चाचा म्हणाले, "शेंगदान्याएवढे घास की सुपारीएवढे?" महिनाभराने ती चार माणसांच्या हातून खाऊ लागली. दोन महिने गेल्यावर पाच वाजता उभी राहायचीही थांबली. हे मी चाचांना सांगितलं, तेव्हा ते "बहोत अच्छा" म्हणाले आणि कुठलंतरी काम काढून आत गेले.

मग ताईंना विचारून मी जाहिरात पुन्हा टाकली, आणि ती वाचून जवळच्याच कोन गावाहून एक काकी आल्या. तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या, गळ्यात ठसठशीत सोनं, शब्दांत कसलाही आडपडदा नाही. मुलं बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहत होती, काकी जुन्या घरात एकट्या. "माजे घराचे मागं भावकीचे लूम हायत, दिसरात खडखड. झोपंल ना मंग ही?" त्यांनी विचारलं. "न् चपला खाते तं खाऊ दे. मी चपला घालते कवा!" त्या आठ दिवस रोज येऊन बसल्या. शटलने आधी गुरगुर केली, मग त्यांच्या पदराला हुंगलं, आठव्या दिवशी त्यांच्या पायाशी आडवी झाली. काकी भाकरी आणत त्या तांदळाच्या, लोण्यासारख्या मऊ. शटल त्या दुधाशिवायच खाऊ लागली, तेव्हा मी खोटींच्या यादीतली एक ओळ खोडली.

न्यायचा दिवस ठरला. मी चाचांना सांगितलं. येऊ नका असं सांगायची माझी हिंमत नव्हती आणि तशी गरजही पडली नाही. "मी लांबून बघीन," ते म्हणाले. "तिला वास लागनार न्हाय असा बसीन."

शेल्टरसमोरच्या रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. चाचा सकाळपासून तिथल्या बुटक्या बाकड्यावर बसले होते. वारं शेल्टरकडून त्यांच्याकडे वाहतंय, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती. काकींची रिक्षा आली. शटल चाचींनी शिवलेला नवा पट्टा घालून, शेपूट हलवत काकींच्या मागून फाटकाबाहेर आली. तेवढ्यात गोदामाचा एक टेम्पो येऊन टपरीच्या आणि आमच्या मध्ये उभा राहिला. मी मनातून त्या ड्रायव्हरचे आभार मानले. काकी रिक्षात बसल्या. शटलने पुढचे पाय पायरीवर ठेवले, आणि तिथेच थांबली. पाय खाली काढले. रस्त्याकडे वळली. नाक वर केलं आणि टेम्पोच्या दिशेने बघत राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. मग काकी आतून म्हणाल्या, "चल गो बाय, चल घरा." शटलने एकदा अंग झटकलं आणि उडी मारून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मी रस्ता ओलांडून धावलो. चाचा टपरीच्या खांबाला धरून अर्धवट उभे होते. रिक्षा अजून वळत होती, दोन मिनिटांत आमच्यासमोरूनच जाणार होती.

"बघितलं का तिने?" चाचांनी विचारलं. "मागं वळून बघितलं?"

कुणाचाही होऊ नये असा त्यांचा चेहरा झाला होता. खरं बोललो असतो, तर त्यांना जगातलं सगळं मिळालं असतं. आणि शटल परत आली असती.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाही बघितलं!"

"मोठ्यानं बोल!"

"नाही बघितलं, चाचा! एकदासुद्धा नाही बघितलं!" मी असा ओरडलो की टपरीवरचे हमाल ग्लास हातात धरून माझ्याकडे बघू लागले. चाचा खाली बसले. रिक्षा समोरून निघून गेली. "शाबास," चाचा म्हणाले, आणि खाली घातलेली मान त्यांनी बराच वेळ वर केली नाही.

कोन शेअर रिक्षाने कितीसं लांब? पण चाचा एकदाही गेले नाहीत. मी जाऊन यायचो आणि बातमी द्यायचो. शटल जाडी झाली, काकींच्या पायाशी झोपते, लूम बंद असले की काकींना उठवते. चाचा सगळं दोन-दोनदा वदवून घेत. ते शेल्टरमध्ये पुन्हा येऊ लागले होते, पण आता कुठल्याच एका पिंजऱ्यापुढे फार वेळ बसत नसत. पुढच्या पावसाळ्याच्या आधी छातीतली कळ परत आली.

मी दवाखान्यात गेलो, तेव्हा दुपार होती. चाची पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. ते खोटं मी वर्षभर बाळगून होतो आणि आता ते सांगायला दुसरी वेळ मिळणार नाही, हे मला दिसत होतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "चाचा, त्या दिवशी शटलने वळून बघितलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मालूम हाय," चाचा म्हणाले. "टेम्पोच्या खालनं पाय दिसत होते तिचे. चारी पाय माझ्याकडं वळलेले."

त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"मी उठलोच होतो, कारकून. तू ओरडलास, म्हनून बसलो."